उन्हाळ्यातच जागा हेरून ठेवा
मासे धरायला वारा ज्या काठाला लागतो तिथेच गळ टाका असा सल्ला देतात तो बरोबरच, पण उजनी धरणासारख्या पसरट पाण्यात तसला काठ कितीतरी लांब असतो, मग बसायचं नेमकं कुठे? मे महिन्यात पाणी उतरलं की एक चक्कर मारा. फारच उतरलं तर पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसेच जुने रस्ते, बांध, ओढ्याची घळ पण दिसते (गाळात उतरू नका, पाय रुततो). मोबाईलमध्ये लोकेशन सेव्ह करायचं आणि पाणी चढल्यावर त्याच उतारांवर चारा टाकून बघायचं. मृगळ मासा तळालाच चरतो, बारीक बुडबुडे सरकताना दिसले की तो खाली आहे समजा. कटला मात्र वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी वाऱ्याचाच सल्ला बरा.