ड्रॅगन स्पिरिट : तिसरं डोकं घ्यायचं की टाळायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुने आर्केड गेम (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे) खेळणारं इथे कुणी असेल तर जरा मार्गदर्शन करा. नामकोचा १९८७ चा 'ड्रॅगन स्पिरिट' सध्या निन्टेंडो स्विचवर खेळतोय, 'आर्केड आर्काइव्हज' या जुन्या आर्केड गेमच्या मालिकेतला. ज्वालामुखी पार होतो, जंगलही बऱ्याचदा निघतं, पण स्मशानाच्या भागात पोचलो की सगळ्या लाइफ संपतात.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजकन्या ॲलिशियाला झॅवेल नावाच्या राक्षसाने पळवलंय आणि तिला सोडवायला निघालेला अमूल हा योद्धा निळा ड्रॅगन होतो. स्क्रीन खालून वर सरकते. एका बटणाने उडणाऱ्या शत्रूंवर आग ओकायची, दुसऱ्याने जमिनीवरच्यांवर बॉम्ब टाकायचे. नामकोच्याच 'झेव्हियस' या जुन्या शूटरमध्ये (गोळ्या झाडायच्या गेममध्ये) हीच विभागणी आहे, पण तिथे बॉम्ब कुठे पडणार ते दाखवणारी खूण पुढे दिसते. इथे ती नाही, त्यामुळे अंदाज हातात बसेपर्यंत वेळ जातो. एकूण नऊ भाग आहेत : डायनोसॉरच्या काळापासून सुरुवात, मग ज्वालामुखी, जंगल, स्मशान, गुहा, हिमनदी, खोल समुद्र, काळोखाचा प्रदेश आणि शेवटी झॅवेलचा किल्ला.

आता माझी अडचण. जमिनीवरची अंडी फोडली की पॉवर मिळतात आणि त्यातल्या एकीने ड्रॅगनला आणखी एक डोकं फुटतं. जास्तीत जास्त तीन डोकी. आग तिप्पट रुंद होते, समोरची रांगच्या रांग साफ होते, बघायला फार देखणं वाटतं. पण अंगही तेवढंच पसरतं! दोन गोळ्यांच्या मधून एक डोकं अलगद निघतं, तिथे तीन डोकी हमखास अडकतात. आणि लाइफ गेली की डोकी कमी होतात, तेही नेमकं गर्दीच्या जागी.

याबद्दल खेळाडूंची मतं वाचली तर दोन तट दिसतात. काहींना ड्रॅगनचा हा अवाढव्यपणा म्हणजे गेमचा मोठा दोष वाटतो, गोळ्या चुकवायच्या गेममध्ये नायक एवढा थोराड का, असं त्यांचं म्हणणं. दुसरे म्हणतात की हीच तर गंमत, ताकद हवी तर आकाराची किंमत मोजा. मी मनापासून दुसऱ्या बाजूचा आहे. त्या काळातल्या बहुतेक शूटरमध्ये आपण विमान किंवा यान असतो. इथे पंख हलतात, माना वळतात, आपण एक जिवंत जनावर चालवतोय असं वाटतं. पहिल्या भागाच्या शेवटी पाण्यातून प्लेसिओसॉर हा लांब मानेचा प्राचीन सागरी प्राणी वर येतो तेव्हा दोन जनावरांची झुंज लागल्यासारखी वाटते. वर शिंजी होसोए यांचं संगीत. ते त्यांचं अगदी सुरुवातीचं काम आहे हे ऐकून पटत नाही.

तर मला हवंय ते हे : स्मशानात शिरताना किती डोकी असावीत? आणि बॉम्बचं बटण सतत दाबत राहायचं की अंडं दिसलं तरच?

प्रतिसाद

दोन डोकी ठेवा, तिसरं सोडून द्या. दोन डोक्यांची आग पुरेशी पडते आणि अंग अजून आवाक्यात असतं. ड्रॅगनला बारकं करणारी पॉवर दिसली तर मात्र काहीही करून घ्या, तिच्यासाठी थोडा धोका पत्करला तरी चालेल. आणि कवटीच्या चिन्हापासून लांब राहा, ते घेतलं तर ताकद कमी होते. गर्दीत हात आपोआप तिकडे जातो.

प्रतिसाद

माझं मत उलट आहे. तिन्ही डोकी घ्या आणि स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटून खेळा. शत्रू वरून आत शिरताशिरताच मेला तर गोळी सुटायचा प्रश्नच येत नाही. चुकवायला कमी लागावं म्हणूनच तर आग वाढवायची. बॉम्बचं म्हणाल तर सतत टाकत राहा. जमिनीवरून येणाऱ्या गोळ्या तिथल्या तिथे बंद होतात.

प्रतिसाद

आर्केड फारच जड जात असेल तर फॅमिकॉमवरचा (निन्टेंडोच्या जुन्या घरगुती कन्सोलवरचा) 'ड्रॅगन स्पिरिट : द न्यू लेजेंड' बघा. ती पुढच्या पिढीची गोष्ट आहे, अमूलचा मुलगा लेस ड्रॅगन होतो. सुरुवातीलाच झॅवेलशी लढत असते. ती जिंकलात तर नेहमीचा गेम निळ्या ड्रॅगनने. हरलात तर सोनेरी ड्रॅगन मिळतो आणि गेम बराच सोपा होतो. नव्या खेळाडूला अशी वाट करून देणं मला फार आवडतं. फक्त स्क्रीन आडवी असल्यामुळे वरून येणारे शत्रू आर्केडपेक्षा उशिरा दिसतात, त्याची सवय करावी लागते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल दोन्ही पद्धती खेळून बघितल्या. खालच्या कडेला राहून तीन डोकी ज्वालामुखीत छान चालली, पण स्मशानात शत्रू बाजूनेही अंगावर येतात, तिथे दोनच बरी पडली. सतत बॉम्ब टाकण्याचा सल्ला मात्र लाखमोलाचा, निम्मा त्रास तिथेच संपला. बॉम्बला रॅपिड फायर (बटण दाबून धरलं की आपोआप मारा चालू राहतो) लावलंय, आगीचं बटण हातानेच दाबतो.

पहिल्यांदाच गुहेपर्यंत पोचलो. आता पुढचं विचारतो : काळोखाच्या प्रदेशात ड्रॅगनभोवतालचं तेवढंच दिसतं म्हणतात. तिथे खालच्या कडेला राहण्याचा काही उपयोग होतो का, की मधोमध थांबायचं? जो तिथवर गेला असेल त्याने जरूर लिहा.