नॅस आणि लिनक्स: यूआयडी हाताने जुळवावेत की केंद्रीय व्यवस्था उभारावी?

अक्षांश (धागाकर्ता)

एक नॅस (जाळ्यावरून सर्वांना फायली पुरवणारे साठवण-यंत्र) आणि चार-पाच लिनक्स संगणक एवढाच कारभार असेल, तर यूआयडी (प्रत्येक वापरकर्त्याचा क्रमांक) जुळवण्यासाठी एलडॅप (खात्यांची केंद्रीय यादी) आणि केर्बेरॉस (तिकिटांनी ओळख पटवणारी व्यवस्था) यांचा पसारा मांडू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक कायमचा ठरवून द्यावा आणि तो सगळीकडे हाताने लावावा.

एनएफएसच्या (जाळ्यावरून फायली वापरण्याच्या पद्धतीच्या) नेहमीच्या मांडणीत क्लायंट (फायली मागणारा संगणक) आपल्या वापरकर्त्याचे नाव नव्हे, तर क्रमांक सांगतो आणि सर्व्हर (इथे नॅस) त्यावर विश्वास ठेवतो. डेबियन आणि उबंटू पहिल्या वापरकर्त्याला १००० क्रमांक देतात, रेड हॅटमध्ये सहाव्या आवृत्तीपर्यंत ही मोजणी ५०० पासून सुरू होत असे, आणि सिनॉलॉजीच्या नॅसवर पहिले नवे खाते सहसा १०२६ वर येते. त्यामुळे दोन्हीकडे नाव तेच असूनही फायलींच्या यादीत मालकाच्या जागी नुसता १०२६ हा आकडा दिसतो आणि काही लिहायला गेले की परवानगी नाकारली जाते. हा त्रास निदान डोळ्यांना दिसतो. दोन संगणकांवर १००० हा क्रमांक दोन वेगळ्या माणसांचा असेल, तर मात्र कोणताही इशारा न मिळता एकाच्या खासगी फायली दुसऱ्याला उघडतात.

नॅसच्या पडद्यावरून क्रमांक बदलण्याची सोय बहुधा नसते, म्हणून नॅसचा क्रमांक प्रमाण मानून लिनक्सवरचा बदलावा. त्या व्यक्तीची सर्व सत्रे बंद करून रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘यूजरमॉड’ या आज्ञेने नवा क्रमांक दिला की होम डिरेक्टरीतील (त्या व्यक्तीच्या स्वतःच्या फोल्डरातील) फायलींची मालकी आपोआप बदलते. तिच्याबाहेरच्या फायलींवर जुनाच आकडा राहतो, त्या ‘फाइंड’ या आज्ञेने जुन्या यूआयडीवरून हुडकून दुरुस्त कराव्या लागतात. जीआयडीचेही (गटाच्या क्रमांकाचेही) हेच करावे; लोक ते हमखास विसरतात.

दीपमाळ

मी पूर्णपणे असहमत आहे. आपण सांगितलेली कृती बरोबर आहे, पण तिने ओळख पटत नाही, केवळ आकडे जुळतात. ज्याला स्वतःच्या लॅपटॉपवर रूटचे अधिकार आहेत, तो १०२६ क्रमांकाचे खाते क्षणात तयार करून त्या व्यक्तीच्या सगळ्या फायली वाचू शकतो. रूट स्क्वॉश या सर्व्हरवरच्या सोयीमुळे फक्त शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे रूट, सर्व्हरवर ‘नोबडी’ (खास अधिकार नसलेला) ठरतो, बाकी कोणताही क्रमांक अडवला जात नाही. केर्बेरॉसमध्ये तिकिटाशिवाय (केंद्रीय सर्व्हरने दिलेल्या ओळखीच्या पुराव्याशिवाय) सर्व्हर कोणालाच मानत नाही, म्हणून संगणक दोन असोत वा दोनशे, खरा उपाय तोच आहे. शिवाय हाताने लिहिलेली क्रमांकांची नोंद एखादा संगणक नव्याने बसवला की मागे पडते, आणि ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

कोरी_पाटी

हा वाद एनएफएसच्या जुन्या तिसऱ्या आवृत्तीपुरता आहे. चौथ्या आवृत्तीत मालकाचे नाव डोमेनसह पाठवले जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना आयडीमॅपडीमध्ये (नावे आणि क्रमांक जुळवणाऱ्या सेवेत) एकच डोमेन लिहिले की काम झाले.

अक्षांश

@कोरी_पाटी, हा समज फार पसरला आहे आणि त्यामुळेच माणसे गोंधळतात. ते नाव फाइलीचा मालक दाखवण्यापुरते आणि बदलण्यापुरते असते. केर्बेरॉस नसेल, तर प्रत्येक विनंतीबरोबर जाणारी ओळख चौथ्या आवृत्तीतही आकड्यांचीच असते आणि परवानगी तिच्यावरूनच ठरते. म्हणून यादीत मालकाचे नाव अचूक दिसते, तरीही त्याच मालकाला लिहिता येत नाही. लिनक्सच्या ३.३ आवृत्तीपासून तर क्लायंट अशा जोडणीत मालकाच्या नावाऐवजीही मुळातच आकडा पाठवतो.

@दीपमाळ, लॅपटॉपवरच्या रूटचा आपला मुद्दा मला मान्य आहे. पण जिथे सर्व संगणकांचे रूट अधिकार एकाच माणसाकडे आहेत, तिथे ती चोरी करणार कोण? याउलट केर्बेरॉस आणले की घड्याळे जुळलेली हवीत, कारण पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की सहसा तिकीटच नाकारले जाते. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपसाठी कीटॅब (पासवर्ड न विचारता तिकीट मिळवून देणारी फाइल) हवा. आणि केंद्रीय सर्व्हर बंद पडला की नवी तिकिटे मिळणे थांबते. एवढे सांभाळण्यापेक्षा पाच ओळींची नोंद सांभाळणे सोपे आहे.

रानवाट

फायली सामायिकच असतील, तर दोघांचेही उपाय अनावश्यक आहेत. छायाचित्रांच्या किंवा चित्रफितींच्या फोल्डरवर ऑल स्क्वॉश ही सोय लावून सर्वांना एकाच यूआयडीवर आणावे, म्हणजे कोणाचा क्रमांक काय आहे याने काही बिघडत नाही.

दीपमाळ

@रानवाट, तेवढ्यापुरते ते योग्य आहे, पण होम डिरेक्टरी नॅसवर असेल तर मुळीच चालणार नाही, कारण मग सर्वांच्या फायलींचा मालक एकच होतो.

@अक्षांश, सर्व रूट अधिकार एकाच हाती राहतील हे आपण गृहीत धरले आहे, आणि मला हरकत तिथेच आहे. पाहुण्याने आपला लॅपटॉप त्याच जाळ्यात जोडला की ते गृहीतक संपले.

अक्षांश

म्हणूनच एक्स्पोर्ट (नॅसने खुले केलेले फोल्डर) संपूर्ण जाळ्याला न देता ठरावीक आयपी पत्त्यांनाच द्यावे आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. पत्त्याची नक्कल करता येते, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी माझ्या अखत्यारीबाहेरच्या संगणकाला हे फोल्डर द्यावे लागेल, त्या दिवशी मी केर्बेरॉस बसवेन. तोवर नोंदवहीच ठेवणार.