मालवण: मे महिन्याच्या सीझनआधी खानावळीची तयारी

माडबन_40
तारकर्ली रस्त्यावर 40 खुर्च्यांची मालवणी खानावळ आहे. दुपारचं जेवण साडेबारा ते साडेतीन. 24 इंची एक तवा, 400 लिटरचा एक डीप फ्रीझर, विहिरीचं पाणी, वर 5,000 लिटरची टाकी. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत गर्दी. किल्ला आणि स्कूबा आटपून लोक दीडच्या सुमारास एकदम येतात आणि ताटं मागे पडतात. मांडव घालून आणखी 15 खुर्च्या टाकाव्यात का? मासे, सोलकढी आणि पाणी यांचंही सांगा.

तवेवाला
खुर्च्यांआधी तवा मोजा. 24 इंची तव्यावर सुरमईच्या साधारण 12 तुकड्या बसतात. पाऊण इंच जाडीच्या तुकडीला दोन्ही बाजू मिळून 8 मिनिटं, जळका रवा काढून पुन्हा तेल सोडायला 2. म्हणजे तासाला 72, तेही तवा क्षणभर रिकामा राहिला नाही तर. तुमच्या 40 खुर्च्या, 45 मिनिटांचं जेवण, म्हणजे तासाला 53 माणसं. तिघांतल्या एकाने जास्तीची तुकडी मागितली की तवा भरला. 55 खुर्च्यांवर तासाला 73 माणसं होतात, मग प्रत्येकी एक तुकडीसुद्धा वेळेत निघणार नाही. पैसे दुसऱ्या तव्यात आणि त्याच्या स्वतंत्र बर्नरमध्ये घाला. मांडवाचं पुढच्या वर्षी बघा.

घाई झाली की तव्यावर दाटीवाटीने तुकड्या लावल्या जातात. तवा थंड पडतो, रवा तेल पितो आणि उलटताना साल सुटून येते. मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून 20-30 मिनिटं पुरे. सकाळीच मीठ लावून ठेवलं तर माशाला पाणी सुटतं. ते निथळवा आणि रवा-तांदळाचं पीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावा. गळलेल्या रव्याने तेल कडवट होतं, म्हणून उरलेलं तेल दर वेळी गाळा. फसाईच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही.

दोन तवे आणि भाताची शेगडी एकाच 19 किलोच्या सिलिंडरवर ओढू नका. सिलिंडरवर बर्फ धरतो आणि ऐन गर्दीत आच मंदावते. दोन सिलिंडर मॅनिफोल्डवर (दोन्हींचा गॅस एकत्र आणणाऱ्या पाइपवर) जोडून घ्या, सांधे साबणाच्या पाण्याने तपासा.

बर्फपेटी
मासळीचं सांगतो, कारण यात चूक झाली तर गिऱ्हाईक आजारी पडतं. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ हवा: 20 किलो मासळीला 20 किलो. तळाला बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ, असे थर. पेटीला खाली भोक ठेवाच. वितळलेल्या पाण्यात मासे बुडून राहिले की ते मऊ पडतात आणि वास धरतात.

बांगडा आणि सुरमई यांच्याबाबत जास्त कडक राहा. हे मासे उष्णतेत पडून राहिले की त्यात हिस्टामाइन तयार होतं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर चट्टे येणं, हे त्यानेच होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही आणि माशाला वास नसतानाही असू शकतं. त्यामुळे जेटीवर पेटी घेऊन जा, खानावळीत आल्यावर बर्फ घालण्यात अर्थ नाही.

400 लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात 15-20 किलोपेक्षा जास्त ताजी मासळी गोठवायला टाकू नका. आधीची गोठलेलीही नरम होते. 1 जूनपासून पावसाळ्यासाठी यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम भरायला जातात आणि तिथेच फसतात. मेच्या मध्यापासून रोज थोडं गोठवत जा, पुड्यांवर तारीख घाला.

माडबन_40
तवा पटला, मांडव रद्द. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज पडतं, फ्रीझर गुरगुरतो पण चालू होत नाही. काय करावं?

बर्फपेटी
लगेच बंद करा, असं चालू ठेवलं तर कॉम्प्रेसर जळतो. स्टॅबिलायझर घ्या, 3 मिनिटांचा डिले असलेला, म्हणजे वीज आल्यावर 3 मिनिटं थांबून मग फ्रीझर चालू करणारा. मागचं कॉइल ब्रशने साफ करा, खाऱ्या हवेत धूळ चिकटून बसते. भिंतीपासून 15 सेंटीमीटर जागा सोडा. झाकणाच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. आत थर्मामीटर ठेवा, त्यावर उणे 18 अंश दिसायला हवं, डायलवर विसंबू नका.

आगळ
एका मध्यम नारळात साधारण चार वाट्या सोलकढी धरा. 150 ताटांना 38-40 नारळ. सगळी एकदम कालवू नका. नारळाचं दूध फ्रीजमध्ये वेगळं, आगळ वेगळं, दर तासाला लागेल तेवढीच कालवा. कोमट दुधात आगळ पडलं की कढी फुटते. दुधाची पातेली ओट्यावर राहिली तर दूध दोन-तीन तासांत आंबतं. आगळ आधीच खारट असतं, मीठ चाखूनच घाला.

पाण्याला 1,000 लिटरमागे 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे तुमच्या टाकीला 12.5 ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत घाला आणि तासभर थांबा. उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर उडालेला असतो, म्हणून नळाला क्लोरीन तपासा: 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरी मेमध्ये खारट होतात. उपसा थोडा थोडा करा आणि टँकरवाल्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) सीझनमध्ये दर आठवड्याला उपसा, नाहीतर सांडपाणी मोरीतून उलटं येतं.