वेबसाइटवरच्या हळदीच्या फोटोवरून ४५,००० ची नोटीस आलीय

हळदवाला, सांगली:
नमस्कार मंडळी. गणपती पेठेत वडिलांपासूनचं हळदीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या मुलाकडून ८,००० त वेबसाइट करून घेतली. काल ईमेल आला: पहिल्या पानावरचा हळकुंडांचा फोटो विनापरवाना वापरलाय, १५ दिवसांत ४५,००० भरा. मुलाला फोन केला, तर म्हणतो, "काका, गुगलवरनं घेतला, सगळेच घेतात." फोटो मी निवडला नाही, मग पैसे मी का भरायचे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

वकीलताई, सातारा:
दादा, घाबरू नका, पण ईमेल तसाच पडूही देऊ नका. साइट तुमच्या दुकानाची, म्हणून विचारणा तुम्हालाच होणार. मुलाकडून काय वसूल करायचं ते नंतर; त्याचं बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.
१९५७ च्या कायद्यात कॉपीराइटला, म्हणजे फोटोवरच्या मालकी हक्काला, नोंदणी सक्तीची नाही; त्यामुळे नोंदणी नाही एवढ्यावर सुटका नाही. पण कलम ५५ तुमच्या कामाचं आहे. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तशी शंका यायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलंत, तर समोरच्याला मनाई हुकूम आणि नफा किंवा त्यातला वाटा, एवढंच मिळतं. सिद्ध करणं मात्र अवघड. शिवाय नोटीस आल्यावर "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही, आणि जाणूनबुजून वापरलं की कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे. म्हणून आजच पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मग फोटो उतरवा. नोटीस पाठवणाऱ्यांकडे मूळ फाइल आणि फोटोग्राफरचं अधिकारपत्र मागा. ४५,००० हा त्यांनी सांगितलेला आकडा आहे, कोर्टाने ठरवलेला नाही.

कॅमेरावाला, वाई:
भाऊ, राग मानू नका, मी पलीकडच्या बाजूचा. कास पठारावर पहाटे चिखलात पालथा पडून काढलेला माझा फोटो एका हॉटेलच्या फलकावर दिसला. विचारलं असतं तर १,५०० त आनंदाने दिला असता. पुढच्या वेळी पैसे देऊन फोटो काढून घ्या; वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा कॉपीराइट तुमचाच.

हळदवाला, सांगली:
ताई, फोटो उतरवला, पुरावाही मागितला. उतरवताना पहिल्यांदाच नीट पाहिला. ती आपली सांगलीची राजापुरी हळद नाहीच, फिक्कट आहे! सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि माझ्याच पानावर भलती हळद, याचं फार वाईट वाटलं. आज सकाळी लेकीने पोत्यावर हळकुंडं मांडली, एक मोडून आतला केशरी रंग दिसेल असा फोटो काढला. वाईकर, तुमचं म्हणणं पटलं. नोटीसवाल्यांचं उत्तर आलं की इथेच लिहितो.