मदत हवी आहे : जीपीएस नोंदींतील परस्परसंबद्ध गोंगाट

नमस्कार. कोयना परिसरातील एका जीपीएस स्थानकाच्या ६ वर्षांच्या दैनंदिन नोंदींवरून जमीन सरकण्याचा वेग काढताना मी प्रत्येक दिवसाची चूक स्वतंत्र मानली, तेव्हा अनिश्चितता वर्षाला ०.१ मिलिमीटरहूनही कमी आली, आणि ती मला मुळीच विश्वासार्ह वाटत नाही. कालची चूक आजच्या नोंदीतही रेंगाळते, म्हणजे गोंगाट (नोंदींतील चुका) परस्परसंबद्ध आहे, हे आलेखात स्पष्ट दिसते. फ्लिकर गोंगाट (संथ चढउतारांत अधिक प्रबळ असणारा गोंगाट) धरल्यास वेगाची अनिश्चितता कितीतरी पट वाढते. परंतु अँटेनाचा खांब हळूहळू ढळल्यामुळे येणारा रँडम वॉक (छोट्या यादृच्छिक सरकण्यांची साठत जाणारी चूक) एवढ्या छोट्या मालिकेत वेगळा ओळखता येतो का? शिवाय जलाशय भरण्या-उतरण्याचे वार्षिक आवर्तन आणि उपग्रहांच्या कक्षांशी निगडित सुमारे ३५१ दिवसांचे आवर्तन इतके जवळ आहेत, की दोन्ही गणिती प्रतिमानात ठेवावीत की एकच, हे ठरत नाही. अनुभवी अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.