मदत हवी आहे: ‘बेड्स आर बर्निंग’मधलं ‘रेंट’ मराठीत कसं आणू?

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियाच्या मिडनाइट ऑइल या बँडचं ‘बेड्स आर बर्निंग’ (1987) आमच्या गाणी ऐकण्याच्या गटात येत्या रविवारी लावणार आहे. सोबत मराठी भावार्थ मी लिहितोय आणि एका शब्दावर चार दिवस अडलोय.

गाणं पिंटुपी या ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी लोकांबद्दल आहे. पश्चिमेकडच्या वाळवंटातून त्यांना पापुन्यासारख्या सरकारी वस्त्यांत आणून ठेवलं होतं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले बरेच जण आपल्या मुलखात, किंटोरला परतले. 1986मध्ये मिडनाइट ऑइल हे पापुन्यातल्या ‘वारुम्पी बँड’सोबत तिथल्या दुर्गम वस्त्यांत फिरले आणि त्या प्रवासातून ‘डीझेल अँड डस्ट’ हा अल्बम आला. ठेका असा की पाय आपोआप हलतात, आणि मागणी एकच: जमीन परत द्या. 2000च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात मूळ रहिवाशांची माफी म्हणून ‘सॉरी’ लिहिलेले काळे कपडे घालून बँडनं हेच गाणं वाजवलं. ते बघताना आजही अंगावर काटा येतो.

आता अडचण. गाण्यात ‘रेंट’ द्यायची वेळ आली आहे असं म्हटलंय. ‘भाडं’ म्हटलं की खोली आठवते. कुळानं जमीनमालकाला द्यायचा ‘खंड’ मला अर्थानं अगदी नेमका वाटतो, कारण इथे मालक मूळ रहिवासी आणि कूळ बाकीचा देश. पण ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात ‘खंड’ वाचून लोक भूखंडच समजतील ना? ‘देणं’ फार सौम्य वाटतं.

कूळकायद्याची, शेतीची भाषा जवळून माहीत असलेल्यांनी कृपया सुचवा. तुमच्या गावाकडे यासाठी दुसरा शब्द असेल तर तोही सांगा. शनिवारपर्यंत मिळालं तर फार बरं होईल.