वायफाय लपवलं, लॅपटॉप अडला

ए-३०४ काका: वायफायचं कुणाला कळतं का ग्रुपवर? रविवारी नाव बदलून हिडन केलं, जिन्यात बसून पोरं लावायची. आता माझाच लॅपटॉप लागेना. पासवर्ड दहादा टाकला. फोन मात्र मस्त चालतोय.

बी-१०२: आमचा केबल टीव्ही सकाळपासून बंद आहे, अजून कुणाचा?

सी-५०१ ताई: काका, फोनवर वर पंख्यासारखी खूण आहे की ४जी लिहिलंय?

काका: ४जी.

ताई: मग फोनपण नेटपॅकवरच चालतोय 😀

काका: तरीच काल डेटा संपल्याचा मेसेज आला!

ताई: हिडन केलं की राउटर स्वतःचं नाव सांगत नाही. लॅपटॉपलाच नाव घेऊन विचारावं लागतं. त्यात कॅपिटलचं स्मॉल झालं तरी राउटर गप्प, पासवर्डपर्यंत गाडी जातच नाही. लॅन केबल लावा आणि राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असेल, १९२.१६८.१.१ असा काहीतरी.

काका: उघडलं. नाव बरोबर आहे की!

ताई: नावाच्या शेवटी क्लिक करा. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटलाय?

काका: नाही, जरा जागा सोडून उभा आहे.

ताई: सापडलं. नाव मोबाइलवरून टाकलंत ना? कीबोर्डने सुचवलेला शब्द उचलला की मागे स्पेस येते. राउटर तीपण नावातच धरतो. खोडा आणि सेव्ह करा. मग लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’, जुनं फर्गेट करून ‘ॲड नेटवर्क’. सिक्युरिटी राउटरवर आहे तीच निवडा. खाली ‘कनेक्ट इव्हन इफ धिस नेटवर्क इज नॉट ब्रॉडकास्टिंग’ला टिक हवीच, नाहीतर रोज सकाळी हाच उद्योग.

काका: लागलं!! 🙏

डी-२०३: ताई, आमचंही हिडन आहे. २.४ गिगाहर्ट्झवालं पटकन लागतं, ५ वालं लागता लागत नाही.

ताई: राउटरच्या पानावर ५ वाल्याचं चॅनेल बघा, म्हणजे तो कुठल्या नंबरच्या पट्ट्यावर बोलतो ते. ५२ ते १४४ मधलं असेल तर ते पट्टे रडारही वापरतात, म्हणून तिथे लॅपटॉप आपणहून हाक मारत नाही, आधी नुसता ऐकतो. राउटर बोलणार नाही, हा विचारणार नाही. बसा मग. ३६ ते ४८ पैकी एक ठेवून बघा.
आणि काका, खरं सांगू? लपवू नकाच. फुकटच्या ॲपनेही असं नाव काढता येतं. शिवाय तुमचा लॅपटॉप आता बँकेत, स्टेशनवर, जाल तिथे घरच्या वायफायचं नाव पुकारत फिरणार. त्यापेक्षा पासवर्ड बदला. पोरांना कळला कसा पण?

काका: दिवाळीत मीच दिला होता. मॅच बघायला.

ताई: 🤦‍♀️

बी-१०२: केबलचं कुणी सांगेल का?